पाणक्याचे दात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो उभ्याने आणि टेबलाला धरून घातलेला आहे. गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? भाचीला नव्या ऑफिसात खुर्ची तरी मिळाली की अजून ती कोणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्यावरच बसते? मी ठणठणीत आहे. कंबर सोडली तर तक्रारीला जागा नाही, आणि कंबरेचंही फार मनावर घेऊ नकोस, कारण विचारणारं कोणी असलं की ती जास्त दुखते.

पत्रास कारण की गेल्या रविवारी तुझा फोन आला नाही. त्यात तुझी काही चूक नाही. आपली ती अवकाशयानाची मालिका संपली, तेव्हा मालिकेनंतरचा तुझा रविवारचा फोनही संपला, हे हिशेबाला धरूनच आहे. पण ज्या मुद्द्यावर आपण वर्षभर भांडलो तो अर्धवट राहिला, आणि भांडण अर्धवट सोडणं आपल्या घराण्यात कोणालाही जमलेलं नाही. म्हणून एकदा सगळं लेखी मांडतो. माझं म्हणणं आजही हेच आहे की त्या मालिकेतला खरा खलनायक म्हणजे पाणक्या.

आता तू विचारशील, कोण पाणक्या? (दर वेळी विचारायचीस.) अगं, नव्या ग्रहाकडे निघालेल्या त्या यानात सगळ्यांना पाण्याचे पेले नेऊन देणारा तो लुकडा माणूस. त्याला नाव नाही. वर्षभरात त्याच्या तोंडी एकच वाक्य, ‘पाणी आणू का?’ बाकीचे कप्तान, डॉक्टर, ती यंत्रं दुरुस्त करणारी मुलगी, हे सगळे ओरडत, धावत, एकमेकांना मिठ्या मारत असतात आणि हा आपला मागे ट्रे घेऊन उभा. जगाला त्याचा संशय आला नाही. मला आला, कारण जग माणसाचे डोळे बघतं आणि मी दात बघतो. जन्मभर कवळ्या केल्या की दुसरं काय होणार! भल्या घरच्या लग्नातसुद्धा मी नवरा-नवरीचे सुळे बघून आलेलो आहे.

तर सुरुवातीला पाणक्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. पुढे यान त्या हिरव्या ढगातून गेलं, सगळे बेशुद्ध पडले, आणि शुद्धीवर आल्यावर पाणक्या हसला तर फट गायब! दात असे एका ओळीत, की ते तोंडात उगवलेले नाहीत हे मी शपथेवर सांगेन. यानात दातांचा डॉक्टर नाही. (असता तर त्याच्या मागच्या खोलीत माझ्यासारखा कोणीतरी प्लास्टर कालवताना दिसला असता.) मग निष्कर्ष काय? मूळ पाणक्याला ढगातल्या कोणीतरी गिळलं आणि त्याचं रूप घेऊन ट्रे उचलला. नक्कल करणाऱ्याचं इथेच चुकतं. तो मूळच्या मालापेक्षा चांगला माल करायला जातो. हे सगळं मी किती बारकाईने तुला समजावलं, आणि तू एक लांबलचक जांभई देऊन म्हणालीस, ‘अरे, त्या नटाने दात बसवून घेतले असतील.’

विज्ञानकथेत असं बोलायचं नसतं ताई. पण मी हार मानली नाही. पुढच्या आठवड्यात मी दाखवून दिलं की पाणक्या स्वतः कधीच पाणी पीत नाही, तर तू म्हणालीस, कामावर असताना कोण पितं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दाखवलं की त्याने पेला दिला की लगेच कुठेतरी स्फोट होतो, तर तू म्हणालीस, यान एवढं बिघडतंय तर बाजूला घेऊन थांबवत का नाहीत. या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. उत्तर अजून सापडलेलं नाही.

तुझ्याकडे डाळ शिजत नाही म्हटल्यावर मी इतर ठिकाणी प्रयत्न केले. आमच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कामात असतात. मी ‘पाणक्या’ म्हटलं की त्या ‘कवळी झाली का?’ म्हणतात. मग एक दिवस एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. बाईंनी त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरला, ‘यांच्यावर लक्ष ठेवा, हलू देऊ नका’ असं मला सांगितलं आणि त्या बाहेरच्या फोनवर गेल्या. असा श्रोता आयुष्यात एकदाच मिळतो. मी हिरव्या ढगापासून सुरुवात केली. मास्तरांचे डोळे मोठे होत गेले, त्यांनी दोनदा खुर्चीचा हात गच्च धरला, मला वाटलं मुद्दा पोचतोय. लगदा निघाल्यावर ते म्हणाले, ‘माझ्या घरी टीव्ही नाही.’ आणि माप हललेलं होतं, ते पुन्हा घ्यावं लागलं. बाईंनी मला माझ्या मागच्या खोलीत पाठवलं आणि मधलं दार लावून घेतलं, ते जास्त लागलं.

त्यानंतर मोबाईलवर या मालिकेच्या चाहत्यांचा एक गट आहे त्यात शिरलो. तिथे सगळे आपापले सिद्धांत मांडतात. कोणाच्या मते कप्तानच यंत्रमानव, कोणाच्या मते ग्रह म्हणजेच पृथ्वी. म्हटलं, इथे आपली माणसं भेटणार. मी दाढा, सुळे आणि हिरड्या यांचं सविस्तर विवेचन लिहिलं, वर समजायला सोपं जावं म्हणून खोलीतल्या साच्यांचे फोटो जोडले. एकाने लिहिलं, ‘काका, जेवायच्या वेळेला हे काय?’ दुसऱ्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मला वाटलं नमस्कार करतोय, म्हणून मीही उलट नमस्कार पाठवला. तासाभराने मी त्या गटात नव्हतो. मला काढल्याचंही कोणी सांगितलं नाही. मी बराच वेळ समजत होतो की सगळे विचारात पडले आहेत.

आणि मग तो शेवटचा भाग. यान ग्रहावर उतरलं, सगळे धावत बाहेर पडले, गवतावर लोळले, रडले, आणि पाणक्या आत राहिला. त्याने पेले गोळा केले, पुसले, एकेक दिवा मालवला आणि दारात उभा राहून बाहेर बघत राहिला. कोणी मागे वळून ‘अरे, तू पण ये’ म्हटलं नाही. मी खुर्चीतून उठून ओरडलो, ‘बघा! हा का थांबला? याचा डाव काय आहे?’ आणि मग ध्यानात आलं की मी हे कोणाला सांगतोय. ही गेल्यापासून घरात टीव्ही मीच लावतो आणि मीच बंद करतो. दवाखान्यामागच्या खोलीत कामाला गेलो तरी तेच. फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे साचे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून, बोलत कोणीच नाही. एकट्या माणसावर संशय घेणं फार सोपं असतं गं. त्या दिवशी मला पाणक्याचं फार वाईट वाटलं. पण म्हटलं, खलनायक असलेलाच बरा, निदान त्याला काहीतरी उद्योग तरी आहे.

असो. पत्र लांबलं. घरी सर्वांना माझी आठवण करून दे, लहानांना आशीर्वाद, आणि मोठी तूच, तेव्हा नमस्कार सगळे तुला.

तुझा,
धाकटा

ता. क. पाणक्याबद्दल तू म्हणालीस तेच खरं असणार. त्या नटाने दात बसवून घेतले. काम बऱ्यापैकी आहे, मी याहून चांगलं केलं असतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तेव्हाच ‘हो’ म्हटलं असतं तर फोन पाच मिनिटांत आटपला असता. म्हणून दर आठवड्याला त्या गरिबाच्या माथी मी नवा गुन्हा मारत गेलो.

आणखी एक ता. क. गेल्या रविवारी शेवटी मीच फोन केला होता. तू शेजारी गेली होतीस, भाचीने उचलला. म्हणाली, ‘मामा, संपली एकदाची ती मालिका, सुटले मी! आईला अवकाश दिसलं की झोप लागते. घोरायची चक्क. मग संपल्यावर दचकून उठायची आणि माझ्या मागे लागायची, काय झालं ते पटकन सांग, धाकटा वाट बघत असेल.’ म्हणजे वर्षभर तू एकही भाग पाहिला नाहीस. फोन ठेवून मी खूप हसलो. नंतर रडलोही, तेही लिहून ठेवतो.

शेवटचं ता. क. मूळ काम राहिलंच. येत्या रविवारी त्याच वेळेला फोन कर. विषय कशाला हवाय? सुचलं तर बोल, नाहीतर झोप आली की खुशाल झोप, फक्त फोन बंद करू नकोस. तू घोरतेस ते मला इथे ऐकू आलं तरी पुष्कळ झालं.