पेल्यातली निवळी

जामनेर, ५ जून २०२३

चि. सौ. वृषालीस अनेक आशीर्वाद.

तू धुळ्याला पोचल्याचा जावईबापूंचा फोन आला. मला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तूही लिहीत जा, हात झिजत नाहीत. चुन्याची निवळी दोन बाटल्या दिली आहे. सकाळी पेलाभर पाण्यात अर्धी वाटी घालायची आणि त्यावरच थायरॉईडची गोळी घ्यायची. बाळाची हाडं मजबूत होतात. तुझ्या वेळी मीही तेच प्यायले. कॅल्शियमची गोळी मात्र दुपारीच घे, दोन्ही गोळ्या एकत्र नकोत. तिसरा महिना आहे, जपून राहा.

सर्वांना जयभीम. आठवण असू दे.
तुझी आई, लिलाबाई

धुळे, २० जुलै

ती. आईस सविनय जयभीम.

बाटल्या संपल्या, आता निवळी इथेच करते. थायरॉईडचा रिपोर्ट मात्र बिघडतोच आहे. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. मी सहाला गोळी घेते, नंतर तासभर चहासुद्धा नाही. तरी मी गोळ्या बुडवते असं सासूबाईंचं म्हणणं. आता त्या पाकिटातल्या गोळ्या मोजतात. केस पुंजक्यांनी गळतात. टक्कल पडलं तर ओळखशील ना?

माया असू दे.
वृषाली

धुळे, २३ ऑगस्ट

ती. आईस सविनय जयभीम.

बाळ गेल्याचं ह्यांनी कळवलंच आहे. मुलगी होती. दवाखान्यातून सोडताना नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की गोळी कशाबरोबर घेत होतीस. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. इथलं बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, त्यात चुना. गोळी पोटात त्यालाच धरून बसते, अंगी लागत नाही, असं त्या म्हणाल्या. बाळ त्यानेच गेलं असं सांगता येत नाही, आणि नाही असंही सांगता येत नाही.

घरी मी निवळीचं बोलले नाही. मी गोळ्या फेकल्या असं त्यांना वाटतं, वाटू दे. तुझं नाव मी घेणार नाही.

तब्येतीला जप.
वृषाली

जामनेर, २९ ऑगस्ट

चि. वृषालीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तीस वर्षं अंगणवाडीत बायकांना मीच सांगत आले, की थायरॉईडच्या गोळीबरोबर कॅल्शियम घेऊ नका. चुन्यातही तेच असतं हे माहीत होतं, म्हणून तर तुला दिला. पण घरची निवळी मला कधी औषध वाटलीच नाही.

रविवारच्या गाडीने येते आहे. तुझ्या सासूबाईंना आणि जावईबापूंना मीच समोर बसून सांगणार. त्यांनी पुन्हा माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. माझ्यापायी तू त्या घरात मान खाली घालून राहायचं नाही.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. या खेपेला मागायला तोंड नाही.

तुझी आई