मधल्या खोलीतला अपट्रेंड

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहीन. मोबाईलवरचा शेअर बाजारवाला सर म्हणे, जो लिहीत नाई तो बुडते. आपल्याजवळ शेअर नाई, कापूस आहे. पण भाव तो भावच. सगळा कापूस मधल्या खोलीत भरला, पार आढ्यापर्यंत. नत्थुजी व्यापारी काटा घेऊन दारात आला होता. म्हणे काकू, आताच द्या, पुढं भाव उतरन. वापस पाठवला.

३ फेब्रुवारी
शिकली. भाव चढते, थोडा उतरते, पण मागच्या खड्ड्याच्या वरच थांबते, तो अपट्रेंड. दर वेळी आधीपेक्षा खाली जाते, तो डाउनट्रेंड. आडवाच लोळत राहते, तो साइडवेज. इतकंच. याच्यासाठी लोकं कॉलेजात जाते.

९ फेब्रुवारी, सकाळी
भिंतीवर कोळशानं चार्ट काढला. रोजच्या भावाचा एक ठिपका. जोडले, तर रेघ खाली जाऊन राहिली. मग अमावस्येचा ठिपका पुसला. त्या दिवशीचा भाव कोण धरते? आता बरोबर चढली.

१७ फेब्रुवारी
रोज लिहिणं जमलं नाई. घरात काम असते.
भाव उतरला. उतरला म्हणजे दम खाऊन राहिला. पायलचे बाबा म्हणे, विकून टाक, पोरगी बाळंतपणाले येईन तर खोली लागन. मी म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच होईन. खोलीबी होईन, भावबी होईन.

२८ फेब्रुवारी
रात्रभर खाजवलं. कापसात बारीक किडे झाले. यांनी खाट अंगणात नेली. डॉक्टर म्हणे, कापूस काढा, मलमानं काही होत नाई. मी विचारलं, साहेब, तुमाले ट्रेंड कळते का? त्यानं मलम लिहून दिलं. म्हणजे नाई कळत.

११ मार्च
साइडवेज. साइडवेजमधी काहीच करायचं नसते. म्हणून स्वयंपाकबी उशिरा केला. हे चिडले.

२१ मार्च
पुन्हा खाली. नत्थुजी हासून राहिला होता. म्हणे काकू, याले काय म्हणते तुमचा सर? मी म्हटलं, भाव पडणारच असता तर तू माझ्या दारात कायले आला असता?

२९ मार्च
अकोल्याहून पायलचा फोन. नववा भरत आला. म्हणे माय, खोली झाली का? मी म्हटलं, आठ दिवस थांब, भाव आता तळाले टेकला. म्हणे, पोटातल्याले सांगू का, थांब म्हणून? सासरी जाऊन लय उद्धट झाली.

३० मार्च
विहीणबाईचा फोन. म्हणे, तुमी कापसाचं बाळंतपण करा, मी सुनेचं करते. जठारपेठेत त्यांच्या दोनच खोल्या. त्यातली एक पायलले दिली म्हणे. चांगली बोलली असती मी. पण दोन्ही हातांनी खाजवून राहिली होती.

५ एप्रिल
नत्थुजीले बोलावलं. त्यानं सगळ्यात खालचा भाव दिला. आणखी बुडाच्या आधी विकून मोकळं होणं, याले स्टॉपलॉस म्हणते, शिकलेल्या माणसालेच जमते. खोली झाडली, धुतली, भिंतीले चुना दिला. मग जवायाले फोन केला, गाडी पाठवते म्हटलं. धर्मेंद्र म्हणे, काल संध्याकाळी मुलगी झाली, दोघी बऱ्या आहे, सव्वा महिना पायल इथंच राहीन. म्हणे, तुमाले कळवणारच होतो.

९ एप्रिल
भाव चढला! रोज चढून राहिला. मी बोलली होती का नाई? यांना सांगितलं. यांनी कूस बदलली. खोली मोकळी आहे तरी अंगणातच झोपते.
मी घाई केली नाई, यांनी मले घाई करायले लावली.
उद्या पहिल्या गाडीनं अकोल्याले जाते, नातीले पाहून संध्याकाळी वापस. विहीणबाई म्हणे, या, पण मुक्कामाले जागा नाई.