करंगळीची जागा

नाशिक रोड
१२ नोव्हेंबर २०२४

शेखर,

जय भीम. खांद्याचे टाके निघाले का? आईचा ताप कालपासून उतरला आहे. संघर्षचं मॅन्डोलिन पोलिसांनी परत दिलं. गळा तुटलाय, तारांवर रक्त वाळलंय. पुसायला घेतलं होतं, तसंच ठेवून दिलं.

मालेगावजवळ ट्रकने तुमची जीप चेपली तेव्हा पत्रा हातांनी वाकवून तू माझ्या भावाला बाहेर काढलंस, हे मला हवालदाराने सांगितलं. त्याच रक्ताच्या शर्टात तू स्मशानात आलास आणि आईने सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. "आधी माझ्या लेकराचं बोट खाल्लंस, आता त्यालाच खाल्लंस!" तू मान खाली घातलीस. मी दोन पावलांवर होतो.

परवा पेपरात त्याच्यावर अर्धं पान आलं. अमेरिकेतल्या डोंगराळ भागाचं ब्लूग्रास आणि जॅझ एकत्र वाजवणारा नाशिकचा माणूस, मुंबई-बंगळुरूचे क्लब, दोनदा अमेरिका. जलद वाजवताना मधेच स्वर सोडून द्यायची त्याची पद्धत म्हणे कुणालाच जमली नाही. खाली लिहिलंय, तरुणपणी मित्राच्या मोटरसायकलवरून पडल्याने डाव्या हाताची करंगळी निकामी झाली, त्यातून ही पद्धत आली.

ती मोटरसायकल तुझी. बोट मोडलं त्या दिवशी तू सटाण्यात नव्हतासच.

मे २०१३. बाबांच्या मागे बँजो पार्टी मी चालवत होतो. सटाण्याची वरात, दुपारचे तीन. संघर्ष एकोणीसचा. तू त्याला दिलेल्या पेन ड्राइव्हमधलं ब्लूग्रास त्याच्या बोटांत शिरलेलं होतं. नाचाच्या गाण्यात त्याने ते घुसवलं. नाचणारे थांबले. नवरदेवाचा मामा ट्रॅक्टरवरून काठी घेऊन उतरला. "हाई काय शे रे? नाचानं का रडानं?" मागून चार पोरं आली.

आमच्या धंद्यात एक रीत होती. गिऱ्हाइकाने हात उचलायच्या आत मालकाने आपल्याच माणसाला दोन ठेवून द्यायच्या. समोरचे थंड होतात, माणूस वाचतो. बाबांनी मलाही तसंच मारलंय. मी संघर्षला दोन दिल्या. मामा हसला, काठी खाली केली. तिथे संपायला हवं होतं.

मी थांबलो नाही. मॅन्डोलिन हिसकावून ट्रॅक्टरच्या हुकावर आपटलं. तो तुकडे गोळा करायला वाकला, मी कमरेत लाथ घातली. पडला तरी डावा हात तुकड्यांवरच. मी त्या हातावर बूट ठेवला आणि सगळा भार दिला. ताशे चालू होते, तरी बोट मोडल्याचं मला ऐकू आलं. शेवटी मामानेच मला मागून धरलं. "पुरे मालक, मरी जाई तो!"

ज्या माणसापासून भावाला वाचवायचं होतं, त्याने माझ्यापासून भावाला वाचवलं.

राग कशाचा होता ते आजवर कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचा नव्हता. तो वाजवत होता तेव्हा आमचा ताशेवाला लखन डोळे मिटून त्याच्यामागे जात होता. मी खूण करत होतो, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि ते चांगलं वाजत होतं, शेखर. मला कळत होतं.

टेम्पोत त्याने हाताला फडकं गुंडाळलं आणि म्हणाला, "दादा, आईला सांगू की शेखरच्या गाडीवरून पडलो. तुला घरात राहायचंय. तो काय, बाहेरचा आहे." त्याने विचारल्यावर तूही हो म्हणालास. अकरा वर्षं आईने तुला उंबरा ओलांडू दिला नाही. तू गल्लीत उभा राहून हॉर्न द्यायचास, मी खिडकी लावून घ्यायचो.

त्याच्या वाजवण्यात लोक ज्या रिकाम्या जागेचं कौतुक करतात, तिथे माझा बूट आहे.

इथवर लिहिलेलं सगळं आज सकाळी आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत. शेवटी विचारलं, "कोणत्या पायाने?"

"उजव्या," मी म्हणालो.

तिने माझ्या पायाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "शेखरला रविवारी बोलव. त्याला माझ्याशेजारी बसव. तू बाहेर बस."

संघर्षच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन सकाळी दहा वाजता आहे. सरळ आत जा. मी दारात चपलांपाशी असेन. तिथे मला दादा म्हणू नकोस.

नवनाथ