दादांचा हातगुण

७ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! इस्पितळातून थेट दादांच्या घरी. पोटावर वीतभर शिवण घेऊन जिना चढलो. वहिनी मागून हात धरून होत्या आणि दादा वरून सूचना देत होते. आतड्याचा सडका तुकडा कापून उरलेलं जोडलं म्हणे. मी शिंपी, दुसऱ्याची शिवण पाहिली की माझी जीभ आवरत नाही. असा सदरा गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकला असता.

खोली झकास आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, खाट मऊ. याच खाटेवर वहिनींच्या आई गेल्या. दादा ते कौतुकाने सांगतात. म्हातारी पोट धरून तळमळत होती, दादांनी औषध दिलं, कळ एकदम थांबली, उठून दोन शब्द बोलली आणि मग झोपेतच गेली. इतकं सुखाचं मरण कुणाला येतं, असं ते विचारतात. वहिनी तेव्हा काहीतरी कामाला आत जातात.

दादा एका डॉक्टरांकडे जन्मभर कंपाउंडर होते. डॉक्टर वारले, पेशंट दादांकडे आले. पुढच्या खोलीत बाटल्या, बाहेर बाक. सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणते आणि त्यांनी आजवर कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

निघताना सिस्टरने बजावलं होतं. पोट उघडून शिवलं की आतडी कधीकधी एकमेकांना चिकटतात, वाट बंद होते. कळा येऊ लागल्या, पोट फुगलं, वारा सरला नाही, उलट्या झाल्या, तर तोंडात काही न घालता लगेच परत या, म्हणाली. वारा सरल्याची बातमी रोज कळवू का, असं मी विचारलं. ती हसली नाही.

९ तारीख, बुधवार

दुपारी जेवलो आणि बेंबीभोवती कळ आली. पिळवटून गेली, जरा थांबली, परत आली. पोटात असा गडगडाट की वहिनींना दारातून ऐकू गेला. दादा म्हणाले, गॅस. काल थोडं पातळ झालं होतं, म्हणजे वाट मोकळी आहे, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर मात्र काहीच नाही. वारासुद्धा नाही.

मी सिस्टरचं बोलणं सांगितलं. दादांचं तोंड उतरलं. इस्पितळवाल्यांना खाटा भरायच्या असतात, म्हणाले. मग एरंडेलाचा पेला घेऊन आले. लहानपणी धरायचे तसंच नाक धरलं. प्यालो. घर त्यांचं, खाट त्यांची, पोट तेवढं माझं.

१० तारीख, गुरुवार

उलटी. हिरवी, कडू. दादा खूश. पित्त पडलं, आता आराम पडेल म्हणे. वहिनींनी सूप आणलं होतं, दादांनी समोर उभं राहून संपवायला लावलं. तेही बाहेर.

पायजमा मीच शिवलेला आहे. नाडी मुद्दाम लांब ठेवली होती, टोकं गुडघ्याला लागायची. आज गाठ मारायला टोकं पुरेनात. मी माणसांची मापं घेण्यात आयुष्य घालवलं. हे अंगावर धरलेलं मांस नाही. न जेवणाऱ्या माणसाचं पोट वाढतंय.

दादांना दाखवलं. माझ्या घरचं अन्न मानवलं तुला, म्हणाले. बाकावर बसलेले सगळे हसले.

११ तारीख, शुक्रवार

लघवीसुद्धा जेमतेम. तोंड कोरडं. उलटीला आता मैल्याचा वास येतो— वहिनींनी घमेलं उचललं आणि तोंड फिरवलं.

इस्पितळात न्या म्हणालो. रडलो, हो, रडलो. दादांनी दार लोटून घेतलं. बाहेर एवढी माणसं बसलीत, डॉक्टरच्या सख्ख्या भावाला इस्पितळात नेलं तर काय अब्रू राहील, असं कुजबुजले. माझ्या जिवाहून त्यांना तो बाक मोठा. मला चीड आली ती स्वतःचीच जास्त. अजूनही त्यांना ‘दादा’ म्हणतोय.

पुन्हा पेला. दात आवळून धरले. त्यांनी चमच्याने—

१२ तारीख, शनिवार, सकाळ

नाडी बांधता येत नाही. पोट ताणलेलं, चकाकतंय. गडगडाट बंद झाला. पोटात काहीच हलत नाही. त्या गडगडाटाला शिव्या घालत होतो, आता तो हवा आहे.

वहिनी कानाशी आल्या. शेजारून फोन केलाय, इस्पितळाची गाडी येतेय, ह्यांना बोलू नका, म्हणाल्या.

शनिवार, दुपार

थांबली. कळ थांबली! पोटात एकदम काहीतरी सैल झालं आणि मोकळं वाटलं. उठून बसलो. दादांना हाक मारली, दोन शब्द बोललो, हसलोसुद्धा. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहिलात माझा हातगुण, असं बाकावरच्यांना ओरडून सांगत गेले. गाडी आली होती. पेशंट बसून हसतोय, असं सांगून त्यांनी ती खालूनच परत—

वहिनी दारात. आत येईनात. खाटेकडे बघत म्हणाल्या, “भावजी, आईचंही असंच एकदम थांबलं होतं.”

आणि धावत खाली—

थंडी वाजतेय. घाम. पोट इस्त्रीच्या फळीसारखं टणक, बोट लावलं तरी—

दादा सगळ्यांना आत आणतायत. दाखवायला. मला हसायला सांगतायत. दादा, बाजूला व्हा, खिडकी—

खाली गाडीचं दार वाजलं. उघडलं की लागलं, ते