प्लेटीवरचं नाव

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
कलकत्ता, ता. ४ ऑगस्ट १९५१

ती. चिमणामावशीस,
गुंडूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी खुशाल हाय. मासे-भात खाऊन अंगाला वास यायला लागलाय तेवढंच.

काल आमच्या ग्रामोफोनच्या कारखान्यात तुझ्या गाण्याची प्लेट छापायला आली! ही शेवटची, ह्यापुढं छातीत दम न्हाय, असं तू म्हणालीस, म्हणून मधोमध चिकटवायचा कागद आधी हातात घेतला. अक्षरं जुळवून वाचलं तर 'श्रीमती चिमणादेवी'. म्हटलं, ही कोण बया? मुकादम बोसबाबूंना विचारलं. ते म्हणाले, घरंदाज लोकांत आता गाणारणीचं 'बाई' खपत न्हाय, सगळ्यांच्या देव्या केल्यात. माझं डोकंच फिरलं. उभ्या जन्माचं नाव असं पुसायचं व्हय? तू नुसतं लिही, प्रेस बंद पाडतो की न्हाय बघ.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझा गुंडू

कोल्हापूर, ता. ११ ऑगस्ट

चि. गुंडूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. प्रेस बंद पाडलीस तर माझी प्लेट छापणार कोण, शहाण्या? कबनूरचा कापडाचा माग सोडलास, ही नोकरी तरी धरून ठेव.

देवी लिहिणार हे मला मुंबईत गाणं भरायच्या आधीच सांगितलं होतं. गाणं द्यायचं होतं, म्हणून हो म्हटलं. पण गाणं संपलं आणि सवयीनं तोंडातून माझं जुनं नाव गेलंच. आमच्या वेळी शेवटी नाव पुकारायची रीतच होती. मेणाच्या तबकडीवर भरलेली गाणी परमुलखात छापायला जायची, तिथल्या माणसाला कळावं कुणाचं गाणं ते. रेकॉर्डिंगवाला पोरगा हसला, आजी, पुन्हा गावं लागेल म्हणाला. मी सांगितलं, बाबा, होता तो दम ह्यातच गेला, हेच घे न्हायतर राहू दे. पेटीवाल्या लालासाबांनी तर पेटीच मिटली.

पोरानं नाव ठेवलं का कापलं, कळलं नाही. जिवाला तीच टोचणी आहे. ऐकून कळव. कापलं असलं तरी भांडू नकोस. जेवत जा.

तुझी वाट बघणारी,
मावशी

कलकत्ता, ता. १९ ऑगस्ट

ती. मावशीस,
गुंडूचा नमस्कार. वि. वि. प्लेटा ऐकून तपासायच्या खोलीत आम्हा प्रेसवाल्यांना मज्जाव हाय. बोसबाबूंच्या हातापाया पडून आत गेलतो. वरच्या सुरात तुझा आवाज जरा फाटला, पर पुढं असा चढला की बाबू मान हलवायचं इसरले. गाणं संपलं. नुसती सुई खरखरली. मला वाटलं, कापलं. आणि मग आलीस की! गल्लीच्या तोंडावरनं मला जेवायला हाक मारायचीस तशी, ठणठणीत: चिमणाबाई कोल्हापूरकर!

मी तोंड भिंतीकडं केलं. बाबूंनी विचारलं, देवीचं गाणं झाल्यावर ही दुसरी कोण बोलली? म्हटलं, दुसरी कुठली, हीच गायली, माझी मावशी हाय. देवी नुसती कागदावर हाय. बाबू खो खो हसले. म्हणाले, आमचं काम छापायचं, आवाजाला कोण हात लावतो?

तब्येत जप, आणि माझ्यावरचा जीव पातळ करू नकोस.
तुझा गुंडू

ता. क. आता साच्यातनं तुझी प्लेट निघाली की अख्खं खातं ओरडतंय, ते बी त्यांच्या बोलीत: चिमोनाबाई कोलापुरकोर!