वेणूच्या कपाळावरचं कुंकू

६ जानेवारी २०२५
वकिलाची नोटीस आली! या वयात! सही भलत्याच रकान्यात केली. पोस्टमन म्हणाला, "काका, बसा आधी." सगळी इंग्रजीत. माझी सातवी पास; वेणूचं नाव आणि चित्रकार रंगनाथरावांचं नाव, तेवढं लागलं. वेणूला जाऊन इतकी वर्षं झाली — तिच्यावर आता कसली नोटीस?

७ जानेवारी
खालच्या मजल्यावरची अवनी वकील आहे. तिने वाचून सांगितलं. नोटीस रंगनाथरावांच्या मुलीची, श्यामलाबाईंची. त्यांच्या वडिलांच्या चित्राची मी नासधूस केली म्हणे! दिवाळीत प्रदर्शनवाली माणसं वेणूच्या चित्राचा फोटो काढून गेली, त्यांनीच सांगितलं असणार. मी त्यांना चहा पाजला!
नासधूस म्हणजे काय, तर रोज पूजेनंतर मी चित्रातल्या वेणूला कुंकू लावतो ते. मेणावर — नाहीतर टिकत नाही.
"अगं, पण रंगनाथरावांनीच वेणूला दिलं ना चित्र?"
"चित्र तुमचंच, आजोबा. पण काढलंय त्यांनी. त्यात फेरफार केला तर वारस भांडू शकतात. कायदा आहे."
"आणि बायको? ती कोणाची?"
हसली पोरगी. मला हसू आलं नाही.
मिटेपर्यंत चित्राला बोट लावायचं नाही म्हणाली.

८ जानेवारी
आज लावलं नाही. पूजा झाल्यावर नुसता उभा राहिलो.

११ जानेवारी
अनिरुद्धला फोन केला. कोथरूडहून कसब्यात यायला मुलाला सवड नाही. "बाबा, देऊन टाका ना. तुम्हाला आईचा फोटो मोठा करून देतो." कुठला फोटो? रेशनकार्डावरचा?
त्याला काय सांगणार! वेणू रंगनाथरावांकडे स्वयंपाकाला होती. चित्रासाठी बसवलं तेव्हा म्हणाले, "कुंकू पुसा, लाल रंग डोळ्यांत भरतो." पुसलं तिने. घरी आली ती पदर कपाळावर ओढून. पुढे चित्र मिळालं, ते जन्मभर कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून. "नवरा जिवंत असताना मला तशी बघायची नाही," म्हणायची. गेली ती अहेव गेली, मळवट भरून. मगच मी चित्र बाहेर काढलं. आधी कुंकू लावलं, मग खिळा ठोकला.

१४ जानेवारी
संक्रांत. जिन्यात हळदीकुंकवाच्या बायकांची ये-जा. आमचं दार कोण वाजवणार? मेण सुकून कुंकवाची खपली पडली. अर्धं कपाळ उघडं! जेवण गेलं नाही. भिंतीकडे पाठ करून बसलो.

१७ जानेवारी
परवा श्यामलाबाई स्वतः बघायला येणार. त्या अडून बसल्या तर चित्र साफ करायला नेतील, परत देताना पुन्हा कुंकू लावणार नाही असं लिहून घेतील. अवनी म्हणते, "आजोबा, तुम्ही फक्त गप्प बसायचं." बसेन. पण नेलंच तर घरात बोलायचं कोणाशी?

१९ जानेवारी
श्यामलाबाई आल्या. केस सगळे पांढरे. अवनी कायदा बोलत होती, त्यांचं लक्ष चित्राकडे. मला म्हणाल्या, "कुंकू का लावता?" अवनीने डोळे वटारले, तरी मी सगळं सांगून टाकलं. त्या उठून चित्राजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "बाबांनी आमच्या आईचं चित्र काढलं, तेव्हा तिलाही पुसायला लावलं होतं. घरात तसंच टांगलंय."
निघाल्या. संक्रांतीचे दिवस, बाई दारातून तशीच कशी जाणार? घरात बाईमाणूस नाही, म्हणून मीच करंडा पुढे केला. त्यांनी स्वतःला लावलं. मग मागे वळल्या आणि तेच बोट वेणूच्या कपाळाला टेकवलं.
अवनी खाली गेल्यावर आठवलं, विचारायचंच राहिलं — वारसाने लावलं तर चालतं ना?