दुसरं मत

३ सप्टेंबर

किन्हवलीला आले एकदाची. संस्थेच्या कार्यालयावरचीच खोली मिळाली आहे. खिडकीतून पोटरीला आलेली भातं दिसतात, आणि वारा असा की पंखा लागत नाही. संस्थेचे प्रमुख भगीरथ सर स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. जेवणाचं सकुबाई बघते. ती खालीच राहते, एकटी. तांदळाची भाकरी आणि करटुल्यांची भाजी, तडस लागेस्तोवर जेवले. सांगलीला आईला फोन करून सांगितलं, माझं इथे जमेल.

५ सप्टेंबर

सर्पदंशावरच्या उपचारांचे जगभरातले अभ्यास गोळा करून चाळायचे, हे माझं काम. आज चाळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प उघडला, त्या अभ्यासांचे सारांश चढवले, दुबार आलेले काढले, निकष लिहिले. प्रत्येक सारांश दोघांनी आपापला वाचून ‘घ्या’ किंवा ‘वगळा’ म्हणायचं. दोघांचं होईपर्यंत एकाचं मत दुसऱ्याला दिसत नाही. दुसरं मत वाशिंदची कुणाली घरून देणार आहे. तिला आमंत्रण धाडलं.

सकुबाईने विचारलं म्हणून तिलाही समजावलं, की दवाखान्यात पोचलेल्यांचेच अभ्यास घ्यायचे. ती म्हणाली, “आन् वाटंतच गेली ती?” ती यात धरत नाहीत, असं मी सांगितलं. ती ताट घेऊन गेली.

९ सप्टेंबर

कुणाली फार झपाट्याने वाचते. मी सकाळी बसेपर्यंत ती पुढे गेलेली असते. अशी जोडीदार मिळायला भाग्य लागतं.

१२ सप्टेंबर

आज मतभेदांचं पान उघडलं. वाटेत दगावलेल्यांचा जिथे उल्लेख आहे, ते सगळे सारांश मी वगळलेत आणि दुसऱ्या मताने घेतलेत. खाली शेऱ्यात दर वेळी तेच मराठीत: आम्हाला पण घ्या.

कुणालीला फोन लावला. ती हसली. म्हणाली, लॅपटॉप कल्याणला दुरुस्तीला टाकलाय, तुझं आमंत्रण मी अजून उघडलंच नाय गो.

१३ सप्टेंबर

भगीरथ सरांनी तपासलं. मतं रुपालीच्या खात्यातून येत होती. ती माझ्या आधी इथे कामाला होती, सकुबाईची मुलगी. गेल्या पावसाळ्यात याच खोलीत जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावली. शहापूरला नेताना जीपमध्येच गेली. नंतर भिंतींची बिळं बुजवली, मला म्हणूनच खाट आणि मच्छरदाणी दिली आहे. मला आधी सांगितलं नाही याचं सरांना वाईट वाटत होतं. कुणीतरी तिचा पासवर्ड वापरतंय म्हणाले, आणि माझ्यासमोर खातं काढून टाकलं.

१४ सप्टेंबर

मतं थांबलेली नाहीत. खातं नाही, तरी भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या मतांचा आकडा पुढे सरकला.

सकुबाई दारात उभी होती. तिला कुठून कळलं कोण जाणे. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “माजी पोर काय म्हणते, सांग गो.”

पडद्यावर नवा शेरा होता: आईला वर येऊ देऊ नका.

पोटची मुलगी आईला वर येऊ नको म्हणते, हे कसं सांगायचं? मी सांगितलं, ती म्हणते, आईची फार आठवण येते.

सकुबाई तिथेच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग माझा हात धरून म्हणाली, बरं केलंस.

१५ सप्टेंबर

ती दिवसभर वरच बसून असते. पडद्याशी बोलते. मी तिला खाली पाठवते, ती पुन्हा येते. शेरे वाढत चाललेत, प्रत्येक सारांशाखाली एकच ओळ. आईला खाली न्या. आईला खाली न्या.

मी निकष बदलले. वाटेत गेलेल्यांना घेतलं, सगळ्यांना. वाटलं, आता रुपाली शांत होईल.

ओळ तीच.

१६ सप्टेंबर

भगीरथ सरांबरोबर मुरबाडला बैठक. उशीर झाला, इथेच मुक्काम. खोलीला कुलूप लावायचं राहिलं. सकुबाईला फोन करतेय — उचलत नाही. सर म्हणतात झोपली असेल —

१७ सप्टेंबर

सकाळी आले. सकुबाई माझ्या खोलीत, जमिनीवर, रुपालीची गोधडी अंथरून. पोटात दुखतंय म्हणाली. चावल्याची खूण कुठेच नाही, मण्यारीची दिसतच नाही म्हणे. पापण्या उचलत नाहीत —

सर जीप चालवतायत, शहापूरकडे. तिचं डोकं माझ्या मांडीवर. लिहितेय, नाहीतर मी ओरडेन.

रस्त्याचं काम. जीप खोळंबली. सर उतरून लोकांवर ओरडतायत.

तिला बोलता येत नाही नीट. वाच, म्हणते. माझ्या पोरीनं काय लिवलंय, वाच ना गो —

फोनवर उघडलं. नवी ओळ. या वेळी मला उद्देशून —

ताई, तुम्ही तिला खोटं का —

सकुबाई माझ्याकडे बघत नाही आता. पलीकडच्या रिकाम्या जागेकडे — हात पुढे केलाय — आणि तो हात कुणीतरी धरलाय —